तिसऱ्या मुलीचा हप्ता

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला ‘लेक लाडकी’ योजनेतून एकूण एक लाख एक हजार रुपये मिळायचे आहेत. जन्मल्यावर पाच हजार, पहिलीत गेल्यावर सहा हजार, सहावीत सात हजार, अकरावीत आठ हजार. आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, तोवर लग्न झालेलं नसेल तर, पंचाहत्तर हजार. घरचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. अर्ज अंगणवाडीसेविकेकडे द्यायचा, पैसे थेट खात्यात येतात. इथवर सगळं मुलीविषयी आहे. पुढची अट आईबापांविषयीची आहे. लाभ एका किंवा दोन मुलींना. एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर त्या मुलीला. दुसऱ्या बाळंतपणात जुळं झालं तर तेवढी सवलत. त्यानंतर आईने किंवा बापाने कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायची, आणि पहिल्या अपत्याचा तिसरा हप्ता व दुसऱ्या अपत्याचा दुसरा हप्ता मागताना कुटुंबनियोजनाचं प्रमाणपत्र जोडायचं. तिसरी मुलगी या हिशेबात कुठेच नाही. शिवाय आईबाप तिसऱ्या बाळंतपणाच्या आशेवर थांबले, तर ज्या दोघी आधीच जन्मलेल्या आहेत त्यांचेही हप्ते प्रमाणपत्रावाचून अडतात.

मुलांसाठीच्या सरकारी पैशाला कुटुंबाच्या आकाराची मर्यादा असावी का, हा प्रश्न जगभर वादाचा आहे. आपल्याकडे त्यावर फारसा वाद होत नाही, कारण ‘दोन पुरेत’ हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ती अट वाचताना कुणी अडखळतही नाही. मला वाटतं, अडखळावं. या योजनेच्या शासन निर्णयातच तिचे हेतू दिले आहेत: मुलींचा जन्मदर वाढवणं, शिक्षणाला चालना देणं, मुलींचे मृत्यू आणि बालविवाह रोखणं, कुपोषण कमी करणं, शाळाबाह्य मुलींचं प्रमाण शून्यावर आणणं. हे सगळे धोके ज्या मुलीच्या वाट्याला सर्वांत आधी येतात तीच नेमकी या अटीने बाहेर पडते. लोकसंख्या हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याकडे पुढे येईनच. पण योजना तिच्या स्वतःच्या कसोटीवरही इथे चुकते.

धाराशिव जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला की ते स्पष्ट दिसतं. २०११च्या जनगणनेत, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, साडेसोळा लाखांवर माणसं मोजली गेली आणि सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे ८६७ मुली निघाल्या. राज्याचा आकडा ८९४ होता. शेजारच्या बीडचा ८०७. २०१८ साली केंद्राने विकासात मागे राहिलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतली कोरडवाहू कुटुंबं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतात. मुकादमाकडून उचल मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीवर. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. लग्न लावून दिलं की एक कोयता वाढतो, म्हणून लग्नाची घाई. आईबाप फडात असताना कोपीवर भांडी घासायला आणि धाकट्याला कडेवर घ्यायला कुणीतरी लागतं, आणि ते ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा मुलगीच असते. अशा घरात तिसरी मुलगी येते तीही सहसा हौसेने येत नाही. पहिल्या दोन मुली झाल्या, मुलाची वाट पाहिली, आणि ही आली. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेने ‘नकुशा’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभाने बदलली, हे अनेकांना आठवत असेल. घरादाराने नको म्हटलेली मुलगी सरकारने तेव्हा आपली म्हटली. आजच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नाही.

मर्यादेचा दुसरा परिणाम दुसऱ्या गरोदरपणात दिसू शकतो. पहिली मुलगी आहे, दोनवर थांबायचं आहे, मुलगा तर हवाच आहे: हे तीन धागे एकत्र आले की गर्भाचं लिंग पाहण्याचा मोह वाढतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ सालचं. केंद्राचा कायदा १९९४मध्ये आला. तरीही २०११चे आकडे तसे आले. पंचायतींच्या निवडणुकीतल्या दोन अपत्यांच्या अटीचा निर्मला बुच यांनी पाच राज्यांत अभ्यास केला तेव्हा त्यांना गर्भपात, टाकून दिलेल्या बायका, दत्तक देऊन टाकलेली मुलं अशा हकिकती सापडल्या होत्या. मुलाचा हट्ट तसाच ठेवून मुलांची संख्या तेवढी आवळली की भार मुलींवर पडतो. ‘लेक लाडकी’ एक मुलगा-एक मुलगी असलेल्या घरातही मुलीला पैसे देते, ही सुधारणा मान्य करायला हवी. आधीच्या ‘माझी कन्या भाग्यश्री’ योजनेत एका मुलीवर शस्त्रक्रिया केली तर पन्नास हजार आणि दोन मुलींवर केली तर प्रत्येकीला पंचवीस हजार, असा सरळ शस्त्रक्रियेला बांधलेला दर होता. दर गेला, दोरी तेवढी उरली.

आता नेहमीचा आक्षेप: पैसे दिले तर लोक मुलं वाढवतील. याचा हिशेब करून पाहू. अठराव्या वाढदिवसाआधी मुलीच्या नावावर येणारी रक्कम सव्वीस हजार. अठरा वर्षांवर पसरली तर महिन्याला सुमारे १२० रुपये पडतात. एका मुलाच्या दुधाचा खर्चही यात भागत नाही. उरलेले पंचाहत्तर हजार अठरा वर्षं दूर. एवढ्यासाठी कोणी बाई तिसरं बाळंतपण अंगावर घेईल असं मानणाऱ्याने बाळंतपण जवळून पाहिलेलं नसावं. पोलंडने २०१६पासून दुसऱ्या आणि पुढच्या मुलांमागे दरमहा ५०० झ्लॉटी दिले, २०१९मध्ये पहिल्या मुलालाही जोडलं. जन्म वाढावेत हाच तिथला उघड हेतू होता. सुरुवातीला थोडी वाढ दिसली, मग जन्मदर आधीपेक्षाही खाली गेला. उलट ब्रिटनने एप्रिल २०१७पासून गरीब कुटुंबांची मदत दोन मुलांपुरती बांधली. अभ्यासकांना जन्मांत झालेली घट अगदी किरकोळ आढळली. मोठ्या कुटुंबांतल्या मुलांची गरिबी मात्र वाढली. शेवटी नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा एप्रिल २०२६पासून उठवण्याची घोषणा तिथल्या सरकारला करावी लागली. भरघोस पैसे देऊन मुलं वाढत नाहीत आणि तोडून फारशी कमी होत नाहीत, तर आपल्या पाच हजारांत ती जादू कुठून येणार?

मुळात महाराष्ट्राला लोकसंख्येची भीती वाटावी अशी स्थितीही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं निघाली. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. हा विषय निघाला की काहींच्या मनात एका विशिष्ट समाजाचं नाव येतं, ते उघड बोललेलंच बरं: याच पाहण्यांनुसार देशातल्या मुस्लिम स्त्रियांचा जननदर १९९२-९३मधल्या ४.४वरून २.४पर्यंत उतरला आहे, म्हणजे घसरण तिथेच सर्वांत मोठी आहे. मुलं कमी कशाने होतात हेही त्याच पाहणीत दिसतं. शाळेत न गेलेल्या स्त्रियांना सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८. तेव्हा ज्याला खरोखर लहान कुटुंबं हवी आहेत त्याने तिसऱ्या मुलीला बारावीपर्यंत नेण्याची सर्वांत जास्त धडपड करायला हवी. आपण तिचाच सहावीचा हप्ता कापतो.

महाराष्ट्राला ही सवय जुनी आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची तर दोन अपत्यं, सरकारी नोकरीसाठी २००५पासून लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. त्याच वर्षीच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात तर दोनहून अधिक मुलं असलेल्या शेतकऱ्याला पाणीपट्टी दीडपट, अशी तरतूद आहे. जिथे कालव्याचं पाणीच दुर्मीळ तिथे त्याची दीडपट पट्टी, हा विनोद धाराशिवकरांना वेगळा समजावून सांगायला नको. अशा अटी घटनेला धरून आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये हरियाणाच्या खटल्यात म्हटलं, हा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. पण तो खटला सरपंच होऊ पाहणाऱ्या प्रौढ माणसांचा होता. ज्याने निर्णय घेतला त्याला अपात्र ठरवणं आणि जिने काहीच ठरवलं नाही तिचा हप्ता रोखणं, यांत फरक आहे. सगळ्या योजना असं वागतात असंही नाही. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं. शाळेतल्या खिचडीच्या रांगेत ‘तू कितवी?’ असं कोणी विचारत नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेत जुलै २०२४पासून महिन्याला दीड हजार रुपये देताना त्या बहिणीला मुलं किती हे सरकारने विचारलं नाही. बहिणीला सूट आणि लेकीला अट, याचं कारण बहिणीला मत आहे हेच असेल, तर तसं तरी सांगावं. मातृवंदना योजनेत मात्र ‘लेक लाडकी’सारखीच मुलांची मोजणी आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार देऊ केले. योजना आली तेव्हा ते पहिल्या मुलापुरते पाच हजार झाले, आणि २०२२पासून दुसरी मुलगी असेल तरच सहा हजार. तिसऱ्यांदा गरोदर असलेल्या बाईला, जिच्या अंगात रक्त सर्वांत कमी असण्याचा संभव, काही नाही.

प्रमाणपत्राबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. कागदावर ‘माता किंवा पिता’ लिहिलेलं असतं, पण टेबलावर कोण जातं हे सर्वांना ठाऊक आहे. राज्यात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचं प्रमाण शेकडा एकही भरत नाही. म्हणजे मुलीच्या सहा हजारांसाठी आईच्या पोटावर टाके. आणि ही शस्त्रक्रिया कायमची, असं गृहीत धरलेलं असतं. २००४च्या त्सुनामीनंतर मुलं गमावलेल्या आयांच्या नळ्या पुन्हा जोडण्यासाठी तमिळनाडू सरकारला पैसे द्यावे लागले होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर आणि आसपासच्या गावांत काय झालं ते लोहारा-उमरग्यात अजून बोललं जातं. दोन मुलं आहेत म्हणजे दोन राहतीलच, ही खात्री जिथे नसते तिथे लोक उशिरा थांबतात. बालमृत्यू घटले की ते आपोआप लवकर थांबतात. मराठवाड्यातही तसंच घडत आलं आहे. ज्यांना शस्त्रक्रिया हवी त्यांना ती नीट, सुरक्षित मिळावी. लेकीच्या पैशांशी तिची गाठ कशाला?

उरतो न्यायाचा आणि तिजोरीचा मुद्दा. आम्ही दोनवर थांबलो, मग दुसऱ्याच्या तिसऱ्याचा भार आम्ही का उचलावा, हा प्रश्न खोटा नाही. पण थांबणाऱ्याच्या दोघींचा हप्ता तिसरीला दिल्याने एक रुपयानेही घटत नाही. सरकारकडे पैसा मर्यादित आहे हे खरं. त्यासाठी एक लाख उत्पन्नाची चाळणी आधीच लावलेली आहे. उत्पन्नाची चाळणी सुस्थितीतल्या घरांना वगळते, संख्येची चाळणी गरिबांतल्या सर्वांत ओढग्रस्त घरांना. जननदर १.७वर आलेल्या राज्यात तिसऱ्या मुली अशाही फार नसणार, आणि दरवर्षी कमीच होत जाणार.

जन्माच्या वेळचे पाच हजार दोघींपुरतेच राहू देत, असं कोणी म्हटलं तर मी फार भांडणार नाही. मला पटत नाही, पण त्या मागणीत निदान तर्क आहे. पहिली, सहावी आणि अकरावीचे हप्ते मात्र शाळेत बसलेल्या मुलीचे आहेत. ते एकवीस हजार मिळतात तेव्हा ती सहा, अकरा, सोळा वर्षांची असते. तिच्या जन्माला त्यांनी प्रोत्साहन दिलं असं म्हणायची सोयच उरत नाही. अठराव्या वर्षीचे पंचाहत्तर हजार तर बालविवाह टाळल्याचे आहेत, आणि लग्नाची घाई तिसरीच्या बाबतीत सर्वांत जास्त असते. हे चारही हप्ते प्रत्येक पात्र घरातल्या प्रत्येक मुलीला द्यावेत आणि शस्त्रक्रियेच्या प्रमाणपत्राच्या जागी शाळेतल्या हजेरीचा दाखला मागावा. ऊसतोडीला गेलेल्या मुलीच्या बाबतीत तो दाखला मिळवणं अवघड जाईल, हे खरं. पण मग गावाला, शाळेला आणि आईबापांना ती जानेवारीत कुठे आहे हे विचारावं लागेल. आज ते कोणी विचारत नाही.

या योजनेतल्या पहिल्या मुली जून २०२९मध्ये पहिलीच्या वर्गात जातील. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीचा दुसरा हप्ता मागताना शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र पहिल्यांदा लागेल ते तेव्हा. नियम बदलायला महिला व बालविकास विभागाकडे तोवर वेळ आहे.