अंकीय संग्रह प्रणाली, मुक्तस्रोत

प्रबंध, शोधनिबंध, छायाचित्रे इ. साहित्य संगणकावर साठविणे, त्याच्या वर्णनपर नोंदी ठेवणे व ते आंतरजालावरून वाचकांस उपलब्ध करून देणे, ही कामे करणारा आज्ञावलींचा संच. ज्या संचाची मूळ आज्ञावली कोणासही पाहता, वापरता व बदलता येते, त्यास मुक्तस्रोत म्हणतात. ग्रीनस्टोन, ईप्रिंट्स व डीस्पेस या अशा तीन प्रमुख प्रणाली होत. त्यांचे कार्य सारखे असले, तरी साहित्य कोणी भरावयाचे व त्याची मांडणी कशी करावयाची, याबाबत त्यांत महत्त्वाचे फरक आढळतात.

ग्रीनस्टोन ही न्यूझीलंडमधील वाइकाटो विद्यापीठात विकसित झाली. तीत ग्रंथपाल संपूर्ण संग्रह एकदम बांधतो. तो सीडीवरूनही वितरित करता येत असल्याने आंतरजालाची सोय नसलेल्या ठिकाणी ही प्रणाली उपयुक्त ठरली. ईप्रिंट्स ही इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात २००० मध्ये तयार झाली. लेखकाने आपला निबंध स्वतः दाखल करावा, ही तिच्यामागील मूळ कल्पना होय. तिचे एक रचनाकार रॉबर्ट टॅन्सली यांनीच पुढे डीस्पेसच्या रचनेत प्रमुख भाग घेतला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्था व ह्यूलेट-पॅकर्ड यांनी डीस्पेस २००२ मध्ये उपलब्ध केली. तीत समुदाय, संग्रह व घटक अशी उतरंड असते. पहिल्या दोन प्रणालींत फेरफार करून त्यांचे वितरण केल्यास ती आज्ञावलीही त्याच अटींवर खुली ठेवावी लागते. डीस्पेसच्या परवान्यात असे बंधन नाही.

डीस्पेसमधील उतरंड विद्यापीठाच्या विद्याशाखा व विभाग यांच्याशी सहज जुळते. कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) प्रबंधांच्या अंकीय संग्रहासाठी डीस्पेसचा वापर करण्यात आला. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा संग्रहही डीस्पेसवरच उभारलेला आहे. डब्लिन कोअर या समान पद्धतीने नोंदी केल्यास त्या एका प्रणालीतून दुसरीत नेता येतात.

डीस्पेसमध्ये प्रत्येक घटकास ‘हँडल’ हा कायम ओळखक्रमांक मिळतो. मात्र त्यासाठी संस्थेने स्वतःचा उपसर्ग नोंदवावा लागतो. नोंदणी न केल्यास १२३४५६७८९ हा नमुन्यादाखल दिलेला उपसर्गच राहतो आणि संगणकाचा पत्ता बदलताच अभ्यासकांनी दिलेले संदर्भ निरुपयोगी होतात. २०२१ मधील सातव्या आवृत्तीत वाचकांसमोरील पृष्ठांची जुनी रचना रद्द झाल्याने, त्यांत स्थानिक फेरफार केलेल्या संस्थांना ते काम नव्याने करावे लागते.

मराठी प्रबंधांची अडचण मात्र तिन्ही प्रणालींत सारखीच आहे. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मजकूर पडद्यावर देवनागरीत दिसला, तरी संगणकास तो असंबद्ध रोमन अक्षरांचा वाटतो. त्यामुळे मजकुरातील शब्द शोधता येत नाहीत. नुसत्या पृष्ठप्रतिमांतही हाच दोष राहतो. अशा प्रबंधाचा शोध शीर्षक, लेखक व विषय यांच्या नोंदींवरच अवलंबून असतो. म्हणून प्रणाली कोणतीही असली, तरी या नोंदी देवनागरीत, युनिकोडमध्ये व काळजीपूर्वक करणे अगत्याचे ठरते.