ओढ लागल्यावर

मागच्या लेखात दाब पाहिला. हेमाडपंती देवळांचे दगड चुन्याशिवाय शतकानुशतके एकमेकांवर बसून आहेत, ते दाबाच्याच जिवावर. आता उलट बाजू, ओढ. पदार्थाची खरी जात इथेच कळते असे मला वाटते, कारण दाबाखाली तडा मिटायला बघतो आणि ओढीखाली तो उघडतो.

बांधकामाच्या सळईपासून सुरुवात करू. १२ मिलिमीटर व्यासाची, ‘एफई ५००डी’ असा छाप असलेली सळई चाचणीयंत्राच्या जबड्यांत धरून ओढायला लागले की बराच वेळ काही घडतच नाही असे वाटते. ओढ साडेपाच टनांच्या पुढे जाईपर्यंत मीटरभर लांबीत वाढ होते ती जेमतेम अडीच मिलिमीटर. या टप्प्यात ओढ दुप्पट केली तर वाढही दुप्पट होते, आणि यंत्र सैल सोडले तर सळई मूळ लांबीवर परत येते. हा रॉबर्ट हूकचा नियम. १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि दोन वर्षांनी उलगडून सांगितला. शोधावर हक्क राहावा, पण दुसऱ्याच्या हाती काही लागू नये, अशी ती हुशारी!

या टप्प्यातली एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. साधे पोलाद घ्या की दुप्पट मजबूत पोलाद, तेवढ्याच ओढीला दोन्ही जवळपास सारखीच लांबतात. हा ताठपणा अणूंमधल्या बंधांवर ठरतो, आणि कार्बनच्या चिमूटभर फरकाने ते बंध फारसे बदलत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम मात्र तेवढ्याच ओढीला सुमारे तिप्पट लांबते. म्हणजे ताठ असणे वेगळे आणि मजबूत असणे वेगळे.

पावणेसहा टनांच्या आसपास सळईचा स्वभाव पालटतो. अणूंचे थर एकमेकांवरून सरकू लागतात, पण सगळे एकदम नाही. स्फटिकात जिथे अणूंची ओळ चुकलेली असते तिथून ही सरक सुरू होते आणि पुढे पुढे जाते. जड सतरंजी अख्खी ओढण्यापेक्षा तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेणे सोपे, तसेच. टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. आता यंत्र सैल केले तरी सळई पूर्ववत होत नाही. ती लांबत जाते, मग एका जागी तिची कंबर बारीक होते आणि तिथेच दाणकन दोन तुकडे होतात.

ते तुकडे जुळवून मोजले तर ‘डी’ छापाच्या सळईची लांबी तुटलेल्या जागेच्या आसपास किमान १६ टक्के वाढलेली असावी, अशी भारतीय मानकाची अट आहे. नुसत्या ५०० ला १२ टक्के पुरतात. भूकंपात हेच लांबणे कामाला येते. धक्क्याची ऊर्जा सळई स्वतःच्या वाकण्या-लांबण्यात खर्च करते, आणि इमारत वेडीवाकडी झाली तरी एकदम कोसळत नाही. सळई घेताना लोक ५०० चा आकडा विचारतात; मी आधी त्यामागचे अक्षर बघायला सांगेन.

बिडाकडे ही सोय नाही. बिडाचा तवा फरशीवर पडला की वाकत नाही, फुटतो. दाब मात्र तो भरपूर सोसतो, आणि त्यामुळेच एकोणिसाव्या शतकातले इंजिनीअर फसले. तुळईवर भार आला की तिचा वरचा काठ दाबला जातो आणि खालचा ओढला जातो. इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सनने बांधलेल्या रेल्वेपुलाच्या तुळया बिडाच्या होत्या. २४ मे १८४७ रोजी गाडी पुलावर असताना एक तुळई तडकली आणि पाच जण मेले. त्याच दिवशी पुलावर नवी खडी टाकून भार वाढवला होता.

काच तर बिडाहून हट्टी. तरीही १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ए. ए. ग्रिफिथच्या प्रयोगांत तिने चकित केले. मिलिमीटरभर जाडीची काचेची काडी दर चौरस मिलिमीटरला १७ किलोच्या आसपास तुटली, पण मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचा तंतू साडेतीनशे किलोच्या जवळ गेला. आपली सळई पन्नासच्या आसपास शरण येते! काच मुळात दुबळी नाही, तिच्या अंगावरचे सूक्ष्म ओरखडे तिचा घात करतात. ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि सरकून तो बोथट करणारे थर काचेत नसतात. काच कापणारा कारागीर हिरकणीने एक रेघ मारतो आणि हलकेच वाकवतो, तो याच दोषाचा उपयोग करत असतो.

रबराचे गणितच निराळे. त्याचे लांबलचक रेणू वेटोळे घालून पडलेले असतात. ओढल्यावर ते सरळ होतात, अणूंमधले बंध फारसे ताणलेच जात नाहीत. उष्णतेची धडपड त्यांना पुन्हा वेटोळ्यात खेचते, म्हणून रबर तापवले की अधिक जोराने आखडते. वजन टांगलेली तार तापवल्यावर लांबते. वजन टांगून चांगले ताणलेले रबर आखूड होते. जॉन गॉफ या अंध इंग्रज अभ्यासकाने १८०५ मध्ये हे नोंदवले. त्याची दुसरी कसोटी घरी करता येते. जाड रबरबँड ओठाला लावून झटकन ताणा, ऊब जाणवेल. क्षणभर थांबून सैल सोडा, गार लागेल.

आज सगळ्यांना एकदाच ओढले. थोडे थोडे, पण लाखो वेळा ओढले तर पोलादही सरकण्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली तुटते. रेल्वेच्या आसांनी ते कसे दाखवून दिले, ते पुढच्या आठवड्यात.