पान पिवळं पडलं, आता पाणी घालू का?

गैरसमज : पान पिवळं पडलं, म्हणजे पाणी कमी पडलं.

घरातल्या कुंड्यांचा सर्वांत जास्त घात करणारा समज हाच. मनी प्लांट, पीस लिली, मॉन्स्टेरा ही उष्ण, दमट प्रदेशातली झाडं, म्हणून रोज त्यांच्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं जातं. सतत ओल्या मातीत हवा खेळत नाही, मुळं गुदमरून कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून माती ओलीगच्च असतानाही झाड माना टाकतं. ते बघून घरातलं कुणीतरी हमखास आणखी पाणी घालतं!

आधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. माती कोरडी आणि कुंडी उचलायला हलकी लागली, तर तहान. ओली, आंबूस वासाची असेल, तर रोप कुंडीतून काढून मुळं बघाच. निरोगी मूळ घट्ट आणि बहुधा पांढरट असतं. कुजलेलं काळपट, चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा आणि रोप नव्या, भुसभुशीत मातीत लावा. कुंडी मोठी घेऊ नका, जास्तीची माती ओल धरून बसते.

तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, हाही पिढीजात समज. बारीक माती पाण्यानं पुरती भरल्याशिवाय पाणी खालच्या खडीत उतरत नाही; ओला थर उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. कुंडीला भोक हवं आणि ताटलीतलं साचलेलं पाणी ओतून द्यायला हवं.

रंगाइतकंच महत्त्व पिवळं पान झाडावर कुठे आहे, त्या जागेला आहे. खालचं एखादं जुनं पान पिवळं होऊन गळणं नैसर्गिक. जुनी पानं सरसकट फिकी पडत असतील, तर नत्र कमी असू शकतं, कारण झाड ते काढून कोवळ्या शेंड्याकडे नेतं. लोह असं हलवता येत नाही. ते कमी पडलं की नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. मुळं कुजलेली असताना मात्र खत घालू नका.

गैरसमज : टोकं करपली, की फवारा मारावा.

फवाऱ्याचा दमटपणा काही मिनिटंच टिकतो. टोकं करपण्याचं एक कारण एसीची कोरडी हवा. दुसरं म्हणजे खतांचे आणि जड पाण्याचे साचलेले क्षार. मातीवर पांढरी खर दिसली, तर भरपूर पाणी घालून ते तळातून वाहून जाऊ द्या. मुंबईत ऐन जुलैत, एसी नसलेल्या घरात टोकं करपत असतील, तर हवेला दोष देण्यात अर्थ नाही.

गैरसमज : पानावर पांढरं दिसलं, म्हणजे बुरशी.

देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके असतील, तर तो बहुधा पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपून काढा. पानावर बारीक फिके ठिपके असतील, तर पांढरा कागद खाली धरून पान झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर लाल कोळी. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रवसाबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारा, तेही पानांच्या खालून. आठवड्यानं पुन्हा.

आणि सकाळी मॉन्स्टेराच्या पानाच्या टोकावर लोंबणारा पाण्याचा थेंब हा रोग नाही. मुळांनी रात्री ओढलेलं जादा पाणी झाड तिथून बाहेर टाकतं.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. उपाय लागू पडला की नाही, ते पुढच्या नव्या पानावरून ठरवा.