दाताच्या डॉक्टरांची भीती वाटते? उपाय आहे!

दात दुखतो, पण ड्रिलच्या आवाजाच्या धास्तीने अनेक जण दवाखाना टाळतात. तोवर कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचते, साध्या फिलिंगऐवजी रूट कॅनाल करावं लागतं आणि भीती आणखी वाढते.

यावर पहिला उपाय औषधाविना आहे. डॉक्टर आधी समजावतात, उपकरण दाखवतात, मगच काम सुरू करतात. ‘हात वर केला की थांबायचं’ असं ठरवलं की धीर येतो. भीती जुनी असेल तर समुपदेशनाचा उपयोग होतो.

तरीही जमत नसेल तर नाकावाटे नायट्रस ऑक्साइड देतात. रुग्ण जागाच असतो. वायू बंद केल्यावर काही मिनिटांत परिणाम ओसरतो. गुंगीची गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. त्या दिवशी सोबत माणूस हवा, गाडी चालवू नये.

औषधाने तेवढी वेळ निभावते, भीती मोडते ती सवयीने. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: ‘मला भीती वाटते.’