नवरा-बायको, एक नाव आणि लांबचा मुक्काम: तयारी कशी करायची?



मासेमारी बंदीचा काळ म्हणजे १६ जून ते १५ ऑगस्ट. आपल्या मध्य प्रदेशात हे दोन महिने माशांच्या विणीचे, म्हणून जाळं घरी. पण नावेला आणि आपल्याला सुट्टी नाही. बंदी उठली की काही जोडपी आठवडा-पंधरा दिवस धरणाच्या पाण्यावर मुक्काम टाकतात. नाव हेच घर, काठावर ताडपत्री आणि चूल. अशा मुक्कामाची तयारी आत्ताच करायची असते. आज त्याबद्दलच बोलू.

आधी एक खरी गोष्ट सांगतो.

२ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून 'तारिणी' नावाची शिडाची होडी निघाली. लांबी ५६ फूट. होडीवर माणसं फक्त दोन: नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. ऑस्ट्रेलियाचं फ्रीमँटल, न्यूझीलंडचं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि आफ्रिकेचं केपटाऊन, अशा चार ठिकाणी थांबत त्या पृथ्वीला फेरी मारून २९ मे २०२५ ला गोव्यात परत आल्या. आठ महिने, पंचवीस हजारांहून जास्त सागरी मैल. किलोमीटरमध्ये सांगायचं तर सेहेचाळीस हजारांच्या वर.

आपण म्हणू, ती नौदलाची माणसं, आपली तापीतली नाव कुठे आणि ते कुठे! बरोबर आहे. पण त्यांची अडचण आणि आपली अडचण एकच आहे. नावेवर दोनच माणसं असली, तर एक माणूस आजारी पडला, झोपला किंवा पाण्यात पडला की नावेवर एकच उरतो. त्या एकट्याला सगळं यायला हवं. म्हणून या दोघींनी तीन वर्षं तयारी केली. गोव्याहून मॉरिशस आणि परत, गोव्याहून पोर्ट ब्लेअर आणि परत, असे मोठे पल्ले दोघींनीच मारून पाहिले. मग जगाच्या फेरीला हात घातला.

होडी बांधतानाच माणूस तयार होतो

या सगळ्याची सुरुवात एका मराठी माणसाच्या कल्पनेतून झाली. फलटणजवळ विंचुर्णीला राहणारे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचं म्हणणं होतं की भारतीयाने भारतात बांधलेल्या होडीतून एकट्याने जगाची फेरी मारावी. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ते काम अंगावर घेतलं. गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात होडी बांधली, नाव ठेवलं 'म्हादेई', तिथल्या नदीचं. लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून आतून-बाहेरून फायबरचा थर, अशी तिची बांधणी.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. फेरी नऊ महिन्यांची, तयारी तीन वर्षांहून जास्त. होडी बांधली जात होती तेव्हा ते कारखान्यात जाऊन प्रत्येक गोष्ट बघत होते. समुद्रात काही तुटलं तर दुरुस्त करायला दुसरं कोण येणार? जी वस्तू आपण हाताने बसवली, तीच अंधारात आपल्याला दुरुस्त करता येते.

आपल्याकडे नाव दुरुस्तीला दिली की घरची बाई तिकडे फिरकतही नाही. यंदा तसं करू नका. वहिनींना सोबत न्या. कुठली फळी बदलली, कुठे भेग बुजवली, इंजिनाचा प्लग कुठे असतो, हे दोघांनी बघावं.

नावेची तपासणी

१. नाव पाण्याबाहेर काढून पालथी करा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या नावेत भेग दिसत नाही.

२. लाकडी नाव असेल तर सगळीकडे टोचणीने टोचून बघा. जिथे टोचणी सहज आत जाते तिथे लाकूड कुजलंय. वरून डांबर फासून ते झाकू नका, फळी बदला.

३. पत्र्याची नाव असेल तर जोड आणि खिळ्यांच्या जागा बघा. गंज आधी तिथेच धरतो. फायबरची असेल तर तळ आणि कडा बघा, केसासारखी चीर असली तरी घासून मॅट आणि रेझिन लावून घ्या.

४. बसायच्या फळीखाली झाकण घट्ट बंद केलेले रिकामे कॅन पक्के बांधा. २० लिटरचा एक बंद कॅन पाण्याखाली गेला की साधारण २० किलो वजन उचलून धरतो. असे सहा-सात कॅन असले तर नावेत पाणी भरलं तरी ती लवकर बुडत नाही आणि तुम्हाला धरायला आधार राहतो.

५. नावेच्या मागच्या टोकाला दोरीचा एक फास पायरीसारखा लोंबता ठेवा. पाण्यात पडलेल्या माणसाला हाताच्या जोरावर वर चढता येत नाही. पाय ठेवायला जागा मिळाली तर चढतो.

६. इंजिन असेल तर डिझेल-पेट्रोलचा हिशोब तीन वाट्यांत करा. एक वाटा जायला, एक यायला, एक अडीनडीला. तिसऱ्या वाट्याला हात लावायचा नाही.

माणसांची तयारी

केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या चेट्टुवा इथले रेखा आणि कार्तिकेयन हे जोडपं आहे. कार्तिकेयन यांच्या नावेवरचे दोन गडी सोडून गेले, तेव्हा रेखाताई नावेवर चढल्या. आज त्या खोल समुद्रात मासेमारीचा परवाना मिळालेल्या देशातल्या पहिल्या महिला म्हणून ओळखल्या जातात. केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१७ मध्ये त्यांचा सत्कार केला.

आपल्याकडेही बायका नावेवर जातात, जाळं ओढतात, मासे सोडवतात. पण वल्हं आणि इंजिन बहुतेक वेळा पुरुषाच्याच हातात. म्हणून आमचं सांगणं असं: आठवड्यातून एक दिवस उलटा करा. त्या दिवशी वहिनी नाव चालवतील, भाऊ गप्प बसतील. इंजिन चालू करणं, बंद करणं, धारेला लावणं, काठाला आणणं, सगळं त्यांनी करायचं. पहिल्या दिवशी नाव गोल फिरेल, हसू येईल. चौथ्या-पाचव्या दिवशी जमेल.

मग माणूस पाण्यात पडल्याची तालीम करा. उथळ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून. क्रम पाठ करा:

- मोठ्याने ओरडा, दोरी बांधलेला कॅन त्याच्याकडे फेका.
- त्याच्यावरची नजर हटवू नका. लाटेत डोकं एकदा हरवलं की पुन्हा सापडणं अवघड.
- नाव धारेच्या विरुद्ध तोंड करून हळूहळू जवळ न्या. जवळ पोचताच इंजिन बंद. पंखा सगळ्यात घातक.
- माणसाला बाजूने ओढू नका, अरुंद नाव कलंडते आणि दोघंही पाण्यात जातात. नावेच्या टोकाकडून घ्या.

नायलॉनचं जाळं पायात अडकलं तर पोहणाराही बुडतो. म्हणून दोघांच्याही कमरेला सुरी हवी. एकाच्या नाही, दोघांच्या.

लाइफ जॅकेट घालायला लाज कसली? अभिलाष टॉमी हे एकट्याने, कुठेही न थांबता जगाची फेरी मारणारे पहिले भारतीय. याच दिलना आणि रूपाचे ते गुरू. २०१८ मध्ये दुसऱ्या एका शर्यतीत वादळात त्यांच्या होडीची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसला. जागचं हलता येत नव्हतं. त्यांना सोडवायला पोचलं ते फ्रान्सचं मासेमारीवर देखरेख करणारं जहाज. आपण कुठे आहोत हे लोकांना कळवायची सोय त्यांच्याकडे होती, म्हणून जीव वाचला. एवढ्या तयारीच्या माणसावर ही वेळ येते, मग आपण कोण?

आभाळ आणि पाणी

तापी मुलताईहून येते. बुऱ्हाणपुरात आभाळ कोरडं असलं तरी वर बैतूलकडे पाऊस झाला की इथे पाणी चढतं. राजघाटावर ऊन आहे म्हणून फसू नका. खाली हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की त्या भागातही ओढ बदलते. मुक्कामाला जाताना दोन्हीकडची खबर घ्या आणि तंबू पाण्याच्या रेषेपासून बराच उंचावर टाका.

वीज चमकली की आकडे मोजा. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पाणी सोडा. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा, ते आजूबाजूच्या विजेची सूचना देतं.

बंद ताडपत्रीखाली शेगडी पेटवून झोपू नका. त्याचा धूर दिसला नाही तरी जीव घेतो. प्यायला माणशी रोज चार लिटर पाणी धरा. धरणाचं पाणी उकळूनच प्या. आणि घरी एका माणसाला सांगून ठेवा: आम्ही कुठे आहोत, रोज किती वाजता फोन करू, फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

कागद दोघांचे

हा मुद्दा शेवटी घेतोय, पण लहान नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून मच्छीमारांचा अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर २.५ लाख, दवाखान्याच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत. वय १८ ते ७० हवं. नोंदणी मात्र माणसागणिक आहे. भाऊंचं नाव आहे आणि वहिनींचं नाही, आणि अपघात वहिनींना झाला, तर दावा कशावर करणार? नावेवर दोघं जातात, धोका दोघांना आहे, मग कागदावर एकच का?

बंदीच्या या दोन महिन्यांत आधार, बँक पासबुक, फोटो घेऊन दोघंही या. नोंदणीसाठी आम्ही मदत करू.

ही पोस्ट घरात मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना घाटावर सांगा. तुमच्या नावेत आणखी काय सोय केली आहे, तेही खाली लिहा. एकाची युक्ती दुसऱ्याचा जीव वाचवते.