पांढरीतले खापर आणि लिलावातले भांडे

लिलाव म्हटला की आम्हा अहमदपूरकरांच्या डोळ्यांपुढे मोंढा उभा राहतो. सोयाबीनचा नाहीतर तुरीचा ढीग, भोवती खरेदीदारांचा घोळका, मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओलावा अजमावणारा व्यापारी आणि भाव चढवीत नेणारा अडत्याचा माणूस. ज्याचा माल तो शेतकरी बहुधा मागेच उभा असतो. ‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, हे मला यंदाच कळले. गंमत अशी की, चीनची भांडी गलबतांत भरून गोव्यामार्गे युरोपात नेणारेही तेच पोर्तुगीज. मला ज्या लिलावाविषयी येथे सांगायचे आहे तेथे सोयाबीनऐवजी आशियातील जुने वाडगे, फुलदाण्या, मूर्ती आणि तलवारी मांडलेल्या असतात, आणि भाव क्विंटलवर नव्हे, एकेका नगावर बोलला जातो.

हा भाव कोठवर जावा? अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एका घरच्या जुन्या सामानाची अंगणातच विक्री चालली होती. एका गृहस्थाने तेथून निळ्या नक्षीचा एक पांढरा वाडगा ३५ डॉलरला उचलला. मार्च २०२१मध्ये न्यूयॉर्कला ‘सदबीज’ या लिलावघरात तोच वाडगा ७,२१,८०० डॉलरला गेला. आपल्या हिशेबाने सव्वापाच कोटी रुपयांच्या घरात! तो पंधराव्या शतकाच्या आरंभी चीनच्या मिंग घराण्यातील युंगलो सम्राटाच्या काळात घडविलेला होता.

मी कुंभाराच्या घरचा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. ग्रंथालयात वाचलेली ही हकीकत मी आजोबांना सांगितली. सव्वापाच कोटींचे त्यांना विशेष काही वाटलेले दिसले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “कुनाच्या आव्यातलं हाय म्हनं ते?” लिलावापूर्वी तज्ज्ञ मंडळी जे प्रश्न विचारतात त्यांत हाही एक मुख्य प्रश्न असतो, हे पुढे वाचनात आले तेव्हा मला आजोबांचा फार अभिमान वाटला.

आता चिनी मातीचे भांडे आणि आमचे मडके यांत फरक काय, ते सांगतो. आमच्या आव्यात गोवऱ्या, तुराट्या, भुसा असे मिळेल ते जळण असते आणि आच साधारण ७००-८०० अंशांपर्यंत चढते. त्या आचेला माती पक्की होते, पण तिची छिद्रे बुजत नाहीत. म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार होते. चीनमधील जिंगदेझेन गावचे कुंभार ‘केओलिन’ नावाची पांढरी माती वापरीत. त्या गावाजवळच्या गावलिंग टेकडीवरून मातीला हे नाव पडले. तीत एका विशिष्ट दगडाची भुकटी मिसळून भांडे १३०० अंशांच्या आसपास भाजले की माती जवळजवळ काचेसारखी होते. पाणी झिरपत नाही, पातळ भांड्यातून उजेड दिसतो आणि टिचकी मारली तर घंटेसारखा नाद येतो. निळी नक्षी कोबाल्टची. हे कोबाल्टही पुष्कळदा इराणकडून चीनला जाई. ही कला युरोपला अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत साधली नव्हती. तोपर्यंत तेथील राजेरजवाडे या भांड्यांसाठी वाटेल ती किंमत मोजत होते.

टिचकी मारून पारखण्याची रीत आपल्याला नवी नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. लिलावघरातील पारखी टिचकीवर मात्र थांबत नाही. तो भांडे उलटे करून बुड पाहतो. बुडाच्या कड्याला झिलई नसते, तेथे मूळ माती उघडी असते. ती किती बारीक, किती घासली गेली, कडे कसे उतरविले, यावरून त्याला पुष्कळ कळते. बुडावर सम्राटाच्या कारकिर्दीचा शिक्का असला तरी तो त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवीत नाही. कारण नंतरच्या कुंभारांनी पूर्वीच्या सम्राटांचे शिक्के सर्रास घातले आहेत, कधी फसविण्यासाठी तर कधी केवळ आदराने. मग तो विचारतो, हे भांडे आजवर कोणाकोणाच्या घरात होते? कोणाकडून घेतले? जुनी पावती, जुने छायाचित्र, जुन्या लिलावाच्या यादीतील नोंद आहे काय? असा अखंड माग असेल तर तेच भांडे कितीतरी पटींनी चढ्या भावाने जाते.

बाकी व्यवहार मोंढ्यासारखाच. आधी छापील यादी निघते, तीत प्रत्येक वस्तूची अंदाजी किंमत असते. विकणाऱ्याने आतून एक किमान किंमत ठरविलेली असते. बोली त्याखाली राहिली तर वस्तू परत. हातोडा पडला की सौदा पक्का. लिलावघर आपली आडत विकणाऱ्याकडून घेते आणि खरेदीदाराकडूनही. हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराला आणखी वीस-पंचवीस टक्के मोजावे लागतात, हे ऐकून आमचे अडते चकित होतील!

येथवर हा श्रीमंतांचा छंद वाटेल. पण भांडे जमिनीतून किंवा समुद्रातून थेट लिलावात आले की निराळाच प्रश्न उभा राहतो. ‘गेल्डरमाल्सन’ हे डच कंपनीचे जहाज चीनहून चहा, भांडी आणि सोने घेऊन निघाले आणि १७५२मध्ये दक्षिण चिनी समुद्रात बुडाले. मायकेल हॅचर या पाणबुड्याने १९८५मध्ये ते शोधून काढले. पुढल्याच वर्षी ‘ख्रिस्तीज’ने अॅमस्टरडॅमला दीड लाखाच्या आसपास नग लिलावात विकले. खरेदीदारांची झुंबड उडाली. पुरातत्त्वज्ञ मात्र संतापले. जहाजाच्या कोणत्या भागात काय होते, खलाशांची वापरातली भांडी कोणती आणि विक्रीची कोणती, याची रीतसर नोंद कोणी केली नव्हती. भांडी आज जगभरच्या कपाटांत सुखरूप आहेत, जहाजाची माहिती मात्र कायमची गेली.

या उलट उदाहरण आपल्या शेजारी आहे. आजोबा दर वर्षी चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला तेरला जातात. मी गेल्या वर्षी इतिहास विभागाच्या सहलीबरोबर गेलो. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव म्हणजे प्राचीन ‘तगर’. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेतील प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथला माल गाड्यांतून भडोचला जाई आणि तेथून समुद्रापार.

आपल्याकडे माळवदाला आणि भिंतींना पांढरीची माती नेण्याची जुनी रीत आहे. अशा खणण्यात आणि पावसाच्या धुपीत मणी, नाणी, खापरे, मातीच्या मूर्ती वर येतात. मुले त्यांच्याशी खेळतात, नाहीतर त्या उकिरड्यावर जातात. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमविण्याचा ध्यास घेतला. मुंबई-लंडनचा लिलाव नाही, यादी नाही, हातोडा नाही. जे जमविले ते त्याच गावातले आणि राहिलेही त्याच गावात. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि आज तेरमध्ये त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आहे.

तेथे मी सातवाहनकालीन मूर्तींसमोर बराच वेळ उभा राहिलो. काही मूर्ती केओलिनच्या आहेत, म्हणजे चीनच्या भांड्यांना लागणाऱ्या त्याच जातीच्या पांढऱ्या मातीच्या! पुढचा एक आणि मागचा एक अशा दोन साच्यांत दाबून त्या केलेल्या आहेत. सांधा कोठे जुळविला ते कुंभाराच्या पोराला लगेच दिसते. केसांची रचना, कानातले, कमरेचा पट्टा इतका नीट उठला आहे की साचा कोरणाऱ्याच्या हाताचे कौतुक वाटते.

तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पाँपेई हे गाव इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८मध्ये अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती निघाली. आपल्याच मराठवाड्यातील भोकरदनलाही तशी मूर्ती मिळाली आहे. पाँपेईची मूर्ती सन ७९च्या पूर्वीची हे त्या राखेमुळे कळले. आणि ती दख्खनकडून गेली असावी असे मानायला तेर-भोकरदनच्या मूर्तींचा आधार मिळाला. या तिन्ही मूर्ती ठिकाण न सांगता लिलावाच्या टेबलावर आल्या असत्या तर? किंमत कदाचित चांगली आली असती. पण मराठवाडा आणि रोम यांचा संबंध त्यांवरून कोणी सांगू शकले नसते.

मोठे संग्राहकही आपल्या आसपास झाले. आपला भाग १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानचे एक दिवाण तिसरे सालारजंग यांनी देशोदेशींची चिनी, जपानी, युरोपीय भांडी खरेदी केली. ते १९४९मध्ये अविवाहित वारले. सारा संग्रह वाटण्यांत फुटायचा, पण तसे न होता १९५१मध्ये त्याचे संग्रहालय झाले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील चिनी-जपानी दालनामागे सर रतन आणि सर दोराबजी या टाटा बंधूंचा संग्रह आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दरवाजे जमविले आणि आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाचे संग्रहालय १९७५मध्ये शासनाला देऊन टाकले. पैशाने टाटा-सालारजंगांची बरोबरी कोण करणार! तरी मला यांत लामतुरे अधिक जवळचे वाटतात.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. १९७२चा पुरावस्तू कायदा १९७६पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८चा कायदा आहे. जे पूर्वीच बाहेर गेले ते मात्र लिलावातच गाठावे लागते. नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून परत आणली.

हे वाचत असतानाच शेजारच्या गावी एक जुना वाडा वाटणीसाठी पाडला. एक टेम्पोवाला येऊन कोरीव खांब, पितळी समया, लोणच्याच्या बरण्या आणि हिरव्या झिलईची एक मोठी थाळी असे सगळे ठोकात घेऊन गेला. परवाना कोणी विचारला नाही. अशा हिरव्या थाळीत विष घातले की ती तडकते, अशी समजूत जुन्या नबाबी घरांतून होती, म्हणून मला तिच्याविषयी कुतूहल वाटले. थाळी केव्हा आली, कोणी आणली, असे मी घरच्यांना विचारले. त्यांतले कोणीच सांगू शकले नाही. ज्या आजींना ठाऊक असेल त्या तीन वर्षांपूर्वी वारल्या.

त्यानंतर मी एक दोनशे पानी वही घातली आहे. गावात कोणाच्या घरी कोणते जुने भांडे आहे, कोणी घडविले किंवा कोठून आणले, कशासाठी वापरले, हे विचारून लिहितो. आजोबा ओट्यावर बसून नावे सांगतात: रांजण, डेरा, घागर, माठ, परळ, येळणी, सुगड, बोळके. काही भांडी ते स्वतः आता घडवीत नाहीत, त्यांना गिऱ्हाईकच नाही. त्यांचा आकार ते हाताने हवेत काढून दाखवितात आणि मी तो पेन्सिलीने वहीत उतरवितो. आतापर्यंत एकोणीस घरे झाली आहेत. वरच्या गल्लीतली राहिली आहेत.