पावाची कहाणी

जिवती तालुका माणिकगडच्या डोंगरावर वसलेला आहे. येथे घरोघरी ज्वारीची भाकरी खातात. तरीही चहाच्या हॉटेलात गेलो, की पाव दिसतोच. हा पाव आपल्याकडे कोठून आला?

काही लोक म्हणतात, पीठ पायांनी तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. कोणी म्हणतात, पाव म्हणजे चौथा हिस्सा. ही दोन्ही कारणे खरी नाहीत. पोर्तुगीज भाषेत रोटीला 'पाँव' म्हणतात. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकला. त्यांच्याबरोबर हा शब्द आला. तो मराठीने घेतला, उर्दूनेही घेतला.

पाव फुगतो कसा? खमीर तुम्हांला ठाऊकच आहे. त्यात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात. ते पिठातील साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. मळलेला मैदा चिवट असतो. वायू त्यात अडकतो व पीठ फुगते. गोव्यात पूर्वी यीस्टऐवजी माडाची ताडी वापरीत.

भट्टीच्या कोरड्या आचेने पावाला तांबूस कवच येते. तसेच पीठ वाफेवर शिजवले, तर ते पांढरे व मऊ राहते. तैवानमधील गल्लीतल्या लहान खानावळींत असा 'ग्वा बाव' मिळतो. तो मधोमध दुमडून त्यात मांस, आंबवलेली भाजी, कोथिंबीर आणि शेंगदाण्याचा कूट भरतात. आपल्या वडापावाचा तो दूरचा भाऊच! मात्र हे मांस बहुधा डुकराचे असते. म्हणून मुसलमान प्रवासी आधी चौकशी करतो.

पदार्थात काय आहे, हे विचारणे योग्यच आहे. पण तो कोणाच्या हातचा आहे आणि शेजारी कोण बसले आहे, हे विचारण्याचीही एके काळी आपल्याकडे रीत होती. परधर्मीयाच्या हातचे खाल्ले, तर माणूस बाटतो असे पुष्कळ लोक मानीत. १८९० साली पुण्यातील पंच हौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला. त्यांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक होते. तेवढ्यावरून मोठा गहजब झाला आणि दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. अस्पृश्य मानलेल्या लोकांना तर कित्येक हॉटेलांत आत बसूच देत नसत.

ही रीत सैल करण्यास मुंबईच्या इराणी हॉटेलांनी हातभार लावला. धोबी तलावाजवळचे कयानी हॉटेल १९०४ सालचे आहे. अशा हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती कारकून, कामगार व विद्यार्थी बसत आणि बनमस्का चहात बुडवून खात. निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे तेथे शेजारी शेजारी बसू लागली.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी आपले संविधान अमलात आले. त्याच्या १५ व्या कलमानुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात किंवा उपाहारगृहात येण्यास मज्जाव करता येत नाही. म्हणून जिवतीच्या हॉटेलात कोलाम असो, गोंड असो, बंजारा असो की मुसलमान असो, कोणीही बाकावर बसून पाव मागू शकतो. ही कोणाची मेहेरबानी नाही, हा हक्क आहे. आणि कोणी आपल्या शेजारी बसायला आला, तर थोडे सरकून त्याला जागा देणे, हे आपले कर्तव्य आहे.